गंगू आता येत नाही

पडद्यावरच्या भुतानं समोर बघून डोळा मिचकावला, तेव्हा सगळं थिएटर हसलं आणि इंद्रभान मात्र खुर्चीतून अर्धवट उठला. रविवारचा तीन ते सहाचा खेळ होता. वाशीमला पत्र्याच्या छताखाली भर दुपारी सिनेमा बघायचा म्हणजे घाम पुसत बघायचा. पण आणीबाणी उठल्यापासून लोकांना कुठंतरी गर्दीत बसून मोकळं हसावंसं वाटत होतं की काय कोण जाणे, खेळ भरलेला होता. केशर त्याच्या शेजारी तोंडावर पदर धरून बसली होती, भीतीनं नव्हे, हसू दाबायला. सिनेमा भुताचा होता, पण सरळ भुताचा नव्हता. सुरुवातीला हवेली, मेणबत्ती, पैंजणांचा आवाज, मोकळ्या केसांची पांढऱ्या साडीतली बाई, सगळं जिथल्या तिथं. बाई जिना उतरते, पुढच्या बाकांवरच्या शिट्ट्या थांबतात, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, कट. हवेलीत झगझगीत दिवे लागतात. कॅमेरा दिसतो, वायरी दिसतात, स्टुलावर चढलेला माणूस दिसतो. भुताची बाई डोक्यावरचे केस टोपीसारखे काढून ठेवते, खाली तेल लावून चापून बसवलेली आखूड वेणी, आणि कुरकुरते की चहा अजून का आला नाही. म्हणजे हा भुताचा सिनेमा काढणाऱ्या लोकांचा सिनेमा होता. तिथपर्यंत इंद्रभानही हसला होता. मग ती बाई आरशापुढं बसली, तोंडाला पांढरी पावडर फासली, केस पुन्हा डोक्यावर चढवले, आणि उठता उठता एकदम वळून तिनं थेट कॅमेऱ्यात, म्हणजे इंद्रभानकडं, पाहिलं. एक डोळा मिटला, उघडला. तुला माहीत आहे ना मी कोण ते. आणि मग त्याच चेहऱ्यावर, मध्ये काहीही न येता, डोळ्यांतलं माणूस निघून गेलं. हसणाऱ्या लोकांच्या अंगावर किंकाळी येऊन आदळली.

“काय झालं वो?” केशरनं विचारलं.

“डोकं चढलं. तू पाह्य. मी भाईर थांबतो.”

बाहेर लख्ख ऊन होतं. सायकल स्टँडवरचा माणूस टोपी तोंडावर घेऊन झोपला होता, शेंगावाली बाई पाटीवर पाणी शिंपडत होती, आणि भिंतीवर हातानं रंगवलेली तीच बाई दात विचकून उभी होती. चित्रातली बाई काही करत नव्हती. इंद्रभाननं तिच्याकडं मुद्दाम नीट बघितलं. भुताचे सिनेमे त्यानं पुष्कळ बघितले होते आणि शेंगा खात बघितले होते. जे भूत खरोखर भूत असल्यासारखं वागतं, त्याचं त्याला काही वाटत नसे. ते पडद्याच्या पलीकडं राहतं, त्याच्या हवेलीत, त्याच्या लोकांना छळतं. इकडं कोण बसलंय हे त्याला ठाऊक नसतं. पण या बाईला ठाऊक होतं. आपण सोंग आहोत हे तिनं आधीच दाखवून टाकलं होतं, केस काढून, वेणी दाखवून, चहा मागून. आता घाबरायला काही उरू नये. आणि नेमकं त्यामुळंच तिच्यापासून लपायला जागा उरली नव्हती. सोंग संपतं कुठं आणि दुसरं सुरू होतं कुठं, ती रेघ तिनं डोळा मिचकावून पुसून टाकली होती. इंद्रभान हिवताप खात्यात निरीक्षक होता. गावोगाव फिरून तापकऱ्यांच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, आणि बाहेरचं झालंय म्हणून लिंबू उतरवणाऱ्या लोकांना सांगायचं की भूत नसतं, डास असतो. सांगताना तो कधी अडखळला नव्हता. आणि आता लख्ख उन्हात उभा असताना त्याच्या बनियनमधला घाम गार पडत चालला होता.

असं त्याच्याकडं पूर्वी एकदा कुणीतरी पाहिलं होतं. तो आठेक वर्षांचा असेल. दिवाळीच्या सुट्टीत त्याला मेडशीला आत्याकडं धाडलं होतं. भागिरथा आत्या बापाची धाकटी बहीण, दौलतरावला दुसरेपणाची दिलेली. पहिली गंगू, ती तापानं गेली होती. इंद्रभाननं गंगूला कधी पाहिलं नव्हतं, पण त्या घरात तिचं नाव अजून भांड्यांवर होतं आणि आत्याच्या अंगात ती यायची. कधी अवसेला, कधी अशीच. त्या दिवशीही अशीच आली. दुपारचा तो बाहेरून खेळून आला तर ओसरीत माणसं गोळा झालेली, आत्या मधोमध बसलेली, केस सुटलेले, मान गोल फिरत होती, आणि तोंडातून जाड, घोगरा, आत्याचा नसलेला आवाज येत होता. मी गंगू. मले इसरले काय. दौलतमामा, एरवी ज्याच्या खाकरण्यानं घर गप्प व्हायचं, तो हात जोडून उकिडवा बसला होता. इंद्रभान भिंतीला चिकटून उभा राहिला. त्या फिरणाऱ्या मानेनं फिरता फिरता त्याला पाहिलं, आणि एका क्षणापुरती मान थांबली. केसांच्या आडून एक डोळा मिटला, उघडला. मग मान पुन्हा फिरू लागली आणि तो आवाज पुन्हा सुरू झाला. इंद्रभान पळाला तो थेट मागच्या वाड्यात, तुराट्यांच्या ढिगाऱ्यामागं. अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिला. आत्यानंच शोधून काढलं त्याला, कडेवर घेतलं, तोंड धुतलं, भाकर चारली. तो तिच्या तोंडाकडं बघेना. डोळा आत्यानं मिचकावला असेल, तर तो दुसरा आवाज कुठून आला? आणि गंगूनं मिचकावला असेल, तर मेलेल्या गंगूला तो ठाऊक होता. दोन्हींतलं कुठलंही खरं धरलं तरी या कडेवर बसवत नव्हतं.

पुढं त्याचा बाप ग्यानबा नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. कामरगावजवळच्या त्यांच्या खेड्यात त्यानं देव्हाऱ्यातले टाक धडप्यात बांधले आणि नदीत सोडले. सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, देव नाही, देवी नाही, भूत नाही, अंगात येणं नाही. मग मेडशीला जाऊन बहिणीला आणि मेव्हण्याला तेच सांगितलं. त्या दिवसापासून आत्याच्या अंगात गंगू आली नाही, आणि ती कधी येत होती असंही कुणी बोललं नाही. इंद्रभान शिकला, नोकरीला लागला, बापाचा ताठ कणा त्याच्याही पाठीत आला. बाप जिवंत होता तोवर कुठल्याही गोष्टीवर एवढ्या आनंदानं बोलत नसे जेवढ्या भूत नसण्यावर बोलत असे. अमावस्येला मुद्दाम मसणवट्यातून चालत यायचा आणि हसत सांगायचा की कुणी भेटलं नाही बुवा. अशा बापाच्या पोराला भीती वाटते असं म्हणणं म्हणजे नदीत सोडलेले टाक पाण्यात हात घालून परत काढण्यासारखं होतं. तेव्हा तो म्हणाला नाही. भीती राहिली, तिला नाव राहिलं नाही. लग्नाकार्यात, मयतीत आत्या भेटायची. तो वाकून पाया पडायचा, तिच्या पायातल्या जोडव्यांकडं बघत चार शब्द बोलायचा आणि बाजूला व्हायचा. तिचा चेहरा आता कसा झालाय हे त्याला खरं म्हणजे सांगता आलं नसतं.

खेळ सुटला. केशर गर्दीतून वाट काढत आली, चेहरा फुललेला, कपाळावर घाम.

“तुमी भाईर आले अन् खरी मजा तर मंगच झाली,” ती चालता चालता म्हणाली. “त्या हवेलीत खरंच भूत हाय म्हनून एक एक जन गायब होते. सगळे बोंबलत पळून राह्यले. अन् आखरीले समजते का भूत-गीत काई नाई. त्या डायरेक्टरचीच करामत. लोक खरोखर भेले पायजे म्हनून त्यानंच केलं.”

“अन् ते बाई?”

“तिले बिचारीले काईच मालूम नसते. ते आपलं काम करून राह्यली.” केशर थांबली, हसली. “आखरीचं सांगू? आखरीले पडद्यावर एक थेटर दिसते. आपल्यासारखेच लोक बसेल. तोच सिनेमा पाहून राह्यले. अन् त्याइच्या मांगच्या खुर्चीवर ते भुताची बाई शेंगा खात बसेल. मंग काय, आपल्या थेटरातले सगळे लोक माना वळवून मांगं पाहून राह्यले. म्याबी पाह्यलं.”

“कोन होतं?”

“कोन रायते? डोअरकीपर होता. तो सगळ्याइकडं पाहून राह्यला का हे लोक काऊन पाहून राह्यले.”

ती पुन्हा हसू लागली आणि इंद्रभानलाही हसू आलं, पण ते पुरतं फुटलं नाही. केशरला भीती वाटली होती आणि ती मागं वळली होती, आणि मागं डोअरकीपर होता, आणि संपलं. इतकं सोपं असतं काय? वळून बघितलं की संपतं? तो वळलाच नव्हता कधी. बालाजीच्या देवळाकडून येणारा रस्ता ओलांडून ते घराच्या गल्लीत शिरले, तशी केशर गप्प झाली, आणि तिच्या गप्प होण्यावरूनच त्याला कळलं की आता ती काय विचारणार.

“आत्याबाईचं काय ठरवलं?”

दौलतमामा गेल्या उन्हाळ्यात वारला होता. लेकरूबाळ नव्हतं. मागच्या आठवड्यात मेडशीचा जगदेव बाजाराला आला तेव्हा मुद्दाम घरी येऊन सांगून गेला होता, इहिरीवर पाय घसरून बुढी पडली, पाय सुजला, शेजारचे भाकर देऊन राह्यले पन असं किती दिस चालंन, तुमी तिच्या रक्ताचे. केशरनं त्याच संध्याकाळी विचारलं होतं, कवा आनता. तेव्हा तो म्हणाला होता, पाहू. मग म्हणाला होता, खोली लहान आहे. मग म्हणाला होता, साहेबाकडं रजा मागतो.

“खोली एकच हाय,” तो आत्ताही म्हणाला.

“मालूम हाय मले खोली एक हाय ते,” केशर म्हणाली आणि कुलूप काढायला पुढं झाली. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. रागावलीही नाही. ती फक्त थोडी दूर गेल्यासारखी झाली, त्याच घरात, त्याच चुलीपाशी, आणि इंद्रभानला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याची फेरी रिसोडच्या वाटेवरच्या एका तांड्यात होती. रुपला म्हणून म्हातारा ओळखीचा होता, तोच हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेला; सुनेला थंडी वाजून ताप येत होता. ती बाजेवर पडली होती, अंगावर घरातल्या सगळ्या गोधड्या, आणि त्या सगळ्या गोधड्यांसकट बाज हलत होती. उशाला लिंबू आणि कोळसा होता. इंद्रभान पेटी उघडून बसला आणि सवयीनं बोलू लागला. की हे बाहेरचं नाही, डासाचं आहे. की आधी थंडी, मग ताप, मग घाम, हे डासाच्याच तापाचं लक्षण. की भूत नसतं, कुठंच नसतं, माणसाचं मन दुबळं झालं की त्याला असं दिसतं. बोलता बोलता त्याला आपला आवाज ऐकू आला, आणि तो आवाज बापाचा होता. तीच लय, तोच शेवटच्या शब्दावरचा जोर. मेलेल्या माणसाचा आवाज त्याच्या तोंडातून येत होता आणि चार माणसं हात जोडल्यासारखी बसून ऐकत होती.

गोधडीतून त्या पोरीनं तोंड बाहेर काढलं. दात वाजत होते, त्यामुळं बोलणं तुकड्या तुकड्यांनी आलं.

“भूत नसते ते मले मालूम हाय, साहेब. पन थंडी तर वाजून राह्यली ना. तिचं काय?”

म्हातारा तिला गप्प करायला गेला. इंद्रभाननं त्याला थांबवलं. तिचं बरोबर होतं. त्यानं तिच्या बोटाचं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, त्या कशा घ्यायच्या ते दोनदा सांगितलं, आणि मग, जे तो कधी करत नसे, तिची हुडहुडी उतरेपर्यंत तिथंच बसून राहिला. घाम फुटला, तिनं एक एक करून गोधड्या बाजूला ढकलल्या, पाणी मागितलं. बाहेर येताना त्याच्या डोक्यात तेवढंच एक वाक्य फिरत होतं. नसतं ते माहीत आहे, पण थंडी तर वाजते. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की या दोन्हींपैकी एकच म्हणता येतं. एक म्हटलं की दुसरं म्हणायचा हक्क जातो. आणि एका तापकरी पोरीनं दोन्ही एका दमात म्हणून टाकलं होतं, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मंगळवारी त्यानं रजा टाकली आणि मालेगावकडून जाणारी अकोल्याची गाडी धरून तो मेडशीला उतरला. केशरला फक्त एवढंच म्हणाला, आत्याकडं जाऊन येतो. ती हो म्हणाली आणि दशम्या बांधून दिल्या. मेडशीचा फाटा, पिंपळाखालची चहाची टपरी, गावाकडं जाणारी धुळीची वाट, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली वावरं. वाट लहान झाली होती, किंवा त्याचे पाय मोठे. आत्याच्या घरावर आता कवेलूंऐवजी टिनाचे पत्रे होते. दार उघडं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली बाज, बाजेवर सुजलेला पाय लांब करून बसलेली आत्या, मांडीवर सुपात वाळलेल्या तुरीच्या शेंगा. ती त्या सोलत होती. तिची नजर वर झाली तसा तो नेहमीसारखा तिच्या पायांकडं बघू लागला.

“कोन? इंद्रभान? ये. उंबऱ्यात काऊन उभा?”

तो आत गेला, पाया पडला. पायात जोडवी नव्हती. त्याला क्षणभर कुठं बघावं ते कळेना.

“मले उठता येत नाई,” आत्या म्हणाली. “चुलीत इस्तो हाय. चहा मांड. साखर कमी टाकजो, तुले गोड लागते ते मले मालूम हाय, पन साखर कमी हाय.”

हे बरं झालं. चूल भिंतीकडं होती. चूल फुंकायला तो बसला तशी बाजेवरची आत्या त्याच्या पाठीकडं राहिली. मागं शेंगा फुटत होत्या, दाणे सुपात पडत होते. पाणी तापू लागलं. त्याला वाटलं, आत्ता विचारलं नाही तर आपण चहा पिऊ, पायाची चौकशी करू, पैसे ठेवू आणि गाडी धरू. आणि केशर आणखी थोडी दूर जाईल. आणि विचारलं, आणि मागून आत्याच्या आवाजाऐवजी दुसराच आवाज आला तर? तो तेहतीस वर्षांचा सरकारी नोकर होता. त्यानं भांड्यात चहाची पूड टाकली, थोडी चुलीत सांडली.

“आत्या, एक गोष्ट इचारू?”

“इचार नं.”

“मी लहान होतो तवा तुह्या अंगात गंगू ये. एक डाव मी भितीपाशी उभा होतो, अन् माह्याकडं पाहून डोया मारला. तो कोनं मारला?”

मागचा शेंगांचा आवाज थांबला. चहा उकळून वर आला, तो त्यानं उतरवला नाही. फेस कडेवरून चुलीत गेला, राख फसफसली. बाहेर कुठंतरी कोंबडी ओरडत होती, आणि ती ओरडते आहे, दिवस आहे, मंगळवार आहे, याला तो धरून बसला.

“म्याच मारला,” आत्याचा आवाज आला, आत्याचाच, थोडा चिडलेला. “दुसरं कोन हाय इथं? तो चहा उतरव आधी.”

त्यानं चहा उतरवला.

“मंग गंगू?”

“गंगू कशी येईन? ते तर मेली बिचारी.” शेंगा पुन्हा फुटू लागल्या. “सुरुवातीचं सांगतो तुले. तुहा मामा मले मारे. तुह्या बापाले मालूम होतं, पन तवा कोनाचं कोन आयकते. एक डाव असाच मारून राह्यला, अन् माह्या तोंडातून निंघालं, मी गंगू हावो, हिले काऊन मारतं. कसं निंघालं देव जाने. देव म्हनू नाई आता, पन तवा होता. त्याचा हात खाली आला. चेहरा पांढरा फट. मंग मले समजलं का या बाईचं हा आयकते. माह्यं आयकत नाई, पन मेलेलीचं आयकते. मंग म्या तिले बलावली जवा जवा काम पडलं तवा. गंगूच्या तोंडानं लुगडं मांगलं. आंग मोडे तवा आराम मांगला. एक डाव बुंदी मांगली.”

“बुंदी?”

“खावशी वाटली.”

इंद्रभाननं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तो अजून चुलीकडं तोंड करून बसला होता.

“अन् मले डोया काऊन मारला?”

सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

“ते असं हाय पाह्य. सोंगच होतं ते, मले मालूम होतं. पन कवा कवा तो आवाज निंघे नं तोंडातून, तो मी काहाडून राह्यली का तो आपला आपलाच निंघून राह्यला, ते समजे नाई. सगळे लोक भेयेल. सगळ्याइचे डोये असे माह्यावर. इतके लोक भेतात तं खरंच आली असंन, असं मलेच वाटे. मलेच माह्यं भेव लागे. त्या दिवशी तसंच झालं. अन् तू दिसला भितीपाशी, नाक पुसत. म्या म्हनलं, या पोट्ट्याले सांगून ठेवू का मी हावो. एक जन तरी पायजे नं मालूम असनारा. तू हासशीन असं वाटलं मले. हासला असता तं बरं वाटलं असतं. तू पयाला.”

इंद्रभान वळला. वळताना त्याला मानेत एक जुनी ताठर गोष्ट जाणवली, आणि मग ती सुटली. समोर बाजेवर एक म्हातारी बसली होती. गालाची हाडं वर आलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेला, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, जे बापाच्या आईच्याही हनुवटीवर होते. नाक बापाचं. इतका बापाचा चेहरा, आणि त्याला हे ठाऊक नव्हतं. तो बघत राहिला. आपण भुताच्या बाईपासून पळालो होतो, आणि तिचं सोंग करणाऱ्या बाईला तिथं एकटीला सोडून आलो होतो, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. पण ते पूर्ण व्हायच्या आधीच त्याला भयंकर भूक लागली. केशरच्या दशम्या त्यानं सोडल्या. दोघांनी चहात बुडवून खाल्ल्या.

“मंग बाबा दीक्षा घेऊन आला,” तो तोंडात घास असतानाच म्हणाला. “भूत नसते म्हनला. मंग तुहं कसं झालं?”

“तेच तं. तो बोलून गेला आपल्या गावी, अन् मी बसली. म्या म्हनलं, यानं माह्यं भूत नेलं अन् नवरा तसाच ठेवला. पन मी बुद्धापुढं हात जोडले होते, आता खोटं बोलता येये नाई. मंग दुसऱ्या दिवशी सकाळी तुहा मामा ओसरीत बसेल होता. म्या पुढं जाऊन उभी राह्यली. म्हनलं, गंगू आता येत नाई. हात उचलसान तं मी येईन.”

“मंग?”

“मंग काय. चहा पेला अन् वावरात गेला.”

“अन् पुन्हा?”

“नाई. एक डावबी नाई. मरेपर्यंत नाई.” तिनं बोटांनी चहातला चुरा काढून टाकला. “आखरीले आखरीले तं मलेच इचारे, तुले कसं वाटते म्हनून.”

दुपार उतरत होती. इंद्रभाननं विळ्यानं बाजेच्या पायथ्याची सैल झालेली सुतळी तोडली, पुन्हा आवळून बांधली, उगीच, हाताला काम म्हणून. त्याच्या अंगात एक प्रकारचा सैलपणा पसरत चालला होता, ताप उतरल्यावर येतो तसा, थोडा थकवा असलेला. बापाचं खरं होतं. भूत नव्हतं. पण बापाला जे कुणी सांगितलं नव्हतं ते असं की, नसलेल्या भुतामागं एक बाई होती, आणि ती बाईही घाबरलेली होती. नदीत सोडायचे ते टाक सोडले, ते चांगलंच झालं. त्यांच्याबरोबर तिला सोडायला नको होतं.

“वाशीमले चाल,” तो म्हणाला.

“आता? इतके दिस नाई आला तो?”

“मले तुहं भेव वाटे.”

आत्यानं मोतीबिंदूचा डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही त्याच्यावर लावले. तिला हसू येईल असं त्याला वाटलं, पण ती हसली नाही.

“आता?”

“आता थोडंसं.”

“थोडंसं राहू दे,” आत्या म्हणाली. “मी तुह्या घरी राहीन तं कामी पडंन.”

जगदेवनं बैलगाडी जुंपली आणि फाट्यापर्यंत आणून सोडलं. एसटीत जागा मिळाली. आत्यानं खिडकी धरली, पाय आपल्या बोचक्यावर ठेवला, आणि प्रत्येक गावाला हे कोणतं, इथं कोण राहते असं विचारत आली. घरी पोचले तेव्हा ऊन गल्लीतून भिंतीवर चढलं होतं. केशरनं दार उघडलं, आत्याकडं पाहिलं, इंद्रभानकडं पाहिलं, आणि आत्याच्या बगलेत हात घालून तिला आत नेलं. पाय धुवायला गरम पाणी दिलं, पाठीला लोड दिला. मग बाहेर येऊन ती ओट्यावर त्याच्याजवळ बसली.

“इतके दिस काऊन लावले होते?” तिनं हळू विचारलं. “खोलीचं नका सांगू.”

“मले तिचं भेव वाटे. लहानपनापासून. तिच्या अंगात ये नं, तवापासून.”

केशर त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि त्याला वाटलं ती हसते आहे. पण तिचे डोळे भरून आले होते.

“मले वाटलं तुमाले तिची लाज वाटते,” ती म्हणाली. “खेड्याची बाई, फाटकं लुगडं, हातात कथलाच्या बांगड्या. शेजारी सगळे नोकरीवाले. म्या म्हनलं, आज यायले आत्याची लाज वाटून राह्यली तं उद्या माह्या मायची वाटंन. अन् परवा माही. चार दिस झाले, मले झोप नाई.”

“लाज नोती,” इंद्रभान म्हणाला.

“भेव होतं.”

“भेव होतं.”

“भेवाचं काई नाई, बाप्पा,” केशर म्हणाली आणि डोळे पुसून खरोखरच हसली. “भेव तं मलेबी वाटते.”

आतून आत्यानं हाक मारली, या घरात मीठ कुठी ठेवता वो. केशर उठली. इंद्रभान ओट्यावर बसून राहिला आणि आत दोघी मिठावरून बोलत होत्या ते ऐकत राहिला.